हौदाची बातमी

'कणीस' हातात पडलं की तातेराव पहिलं पान आधी बघायचाच नाही. आधी शेवटचं, मग मधली, आणि सगळ्यांत शेवटी दातओठ खात पहिलं. तिथं कोण असणार ते त्याला ठाऊक असायचं ना! जळबा. दर महिन्याला जळबा. कुरुंद्याचा जळबा, कंबरभर पाण्यात उभा जळबा, तोंड एवढं उघडून गाणारा जळबा. देवानं दुसरी माणसं घडवलीच नव्हती जणू.

'कणीस' म्हणजे वसमत-कुरुंद्याच्या बाप्टिस्ट मंडळीचं आठ पानांचं मासिक. कुणाचं लग्न ठरलं, कुणी साक्ष दिली, कुणाचं ऑपरेशन झालं, पाळकसाहेब रविवारी काय बोलले, एवढंच त्यात. वाचणारी घरं ती कितीशी? पण त्या आठ पानांपायी मंडळीत जेवढे रुसवेफुगवे झाले, तेवढे भावकीत बांधावरून होत नाहीत. आणि सगळ्या रुसव्यांचा मुकुटमणी आपला तातेराव! स्टँडामागं त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान, हात सोन्याचा, मंडळीचा पंच, प्रार्थनेला पहिल्या रांगेत. माणूस वाईट नव्हता हो. पण जळबाचं नाव निघालं की त्याचं डोकंच फिरायचं.

दोघं एकाच दिवशी, एकाच पाण्यात बाप्तिस्मा घेतलेले. तेव्हा मिशासुद्धा धड फुटल्या नव्हत्या. पुढं तातेरावानं चर्चची लाईट फिटिंग फुकट केली, पंखे बसवले, लोखंडी गेट केलं. आणि जळबानं काय केलं? जळबा हसला. जळबा गायला. हळदीच्या रानातून तसाच चिखलाच्या पायानं यायचा, पेटी पुढं ओढायचा आणि सूर लावला की बायाबापड्यांच्या डोळ्याला पाणी. पंखे कुणी बसवले हे कुणाच्या ध्यानातही नाही! वारा सगळ्यांनी खाल्ला आणि टाळ्या जळबाला.

त्यात दोन वर्षांपासून मंडळीत पाण्यावरून भांडण पेटलेलं. बाप्टिस्ट माणसाचा बाप्तिस्मा म्हणजे कपाळावर चार थेंब नव्हेत. अख्खा माणूस पाण्याखाली जाऊन वर आला पाहिजे, तेही जाणत्या वयात, स्वतःच्या मनानं. तान्ह्या लेकराला नाही, भिडेखातर नाही, आणि नवरा म्हणतो म्हणून तर नाहीच नाही. आजवर सगळे सिद्धेश्वरला, नदीवरच्या धरणाच्या पाण्यात उतरत आलेले. तातेरावानं चर्चच्या आवारात हौद बांधला. निळी फरशी, बेतशीर पायऱ्या, धरायला स्टीलचा दांडा, पाणी चढवायला स्वतः वायंडिंग भरलेली मोटार. दृष्ट लागावी असा हौद! आणि जळबा हसत हसत बोलून गेला, "नदी भरून वाहून राहिली तातेराव, आन् तू माणसं हौदात काहून बुडवतोस?" झालं. अर्धी मंडळी हौदाची, अर्धी नदीची. मे महिन्याच्या सभेत हात वर करून निकाल व्हायचा होता, आणि हौदाची सक्ती झाली तर आमी येगळे, असं कुरुंद्याचे लोक उघड बोलायला लागले होते.

खरी गोम पुढंच. हौदात अजून एकही माणूस उतरला नव्हता. ज्याला त्याला विचारावं तर तो म्हणायचा, नदीवर जाऊ. तिथं जळबाचं गाणं, मागून ठेचा-भाकरीची पंगत, पोरापोरींचे फोटो. इथं निळी फरशी आणि तातेराव.

मार्चचा अंक आला आणि तातेराव दुकान उघडं टाकून प्रेमानंदकडं गेला. प्रेमानंद हा 'कणीस'चा संपादक. चौकात लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापायचा, उरल्या वेळात 'कणीस' जुळवायचा, त्याबद्दल शिव्यांखेरीज काही मिळत नव्हतं. तातेरावानं अंक त्याच्या टेबलावर आपटला आणि जळबाच्या फोटोवर वीत टाकली.

"हे बघ. माझी वीत पुरंना! आन् हौदाची बातमी? ही बघ, बोटभर. तीबी कुठं, तर कुणाच्या तरी हरवलेल्या शेळीच्या शेजारी."

"मामा, हौदाची काय बातमी देऊ? रिकामा हाय म्हणून देऊ?"

"फरशीचा फोटो दे."

"मागल्या वर्षी दिला की. दोनदा दिला."

"मंग जळबाचा किती येळा दिलास? तू कुरुंद्याचा मानूस हायेस, प्रेमानंद. सगळ्या मंडळीला कळून राहिलं."

प्रेमानंद हसला नाही की चिडलाही नाही. त्याला सवय होती. "कुरुंद्याचे लोक काय म्हणतात ठावं हाय का? म्हणतात 'कणीस' तातेरावाच्या खिशातलं हाय. वसमतला छापतं, वसमतचं गातं."

"कोन म्हणतंय? जळबा?"

"जळबामामा कशाला म्हणतील? ते 'कणीस' वाचतच न्हाईत. येळ कुठाय त्यांना?"

हे मात्र तातेरावाच्या वर्मी बसलं. ज्या पानापायी आपली झोप उडाली, ते पान त्या गड्यानं उघडूनसुद्धा बघू नये? त्यापेक्षा त्यानं फोटो फ्रेम करून भिंतीला लावला असता तरी चाललं असतं. तातेराव खुर्चीवर बसला तो उठेचना. शेवटी प्रेमानंदालाच दया आली. "हौदात पैला मानूस उतरू द्या, मामा. पैलं पान हौदाचं. शब्द देतो."

आता घरातली गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तातेरावाची बायको मंजुळाबाई. लग्न होऊन आली तेव्हापासून दर रविवारी चर्चला. सतरंज्या ती झाडणार, आजाऱ्याला पेज ती नेणार, अर्धी गाणी तिला पाठ. पण बाप्तिस्मा? नाही घेतलेला. लहानपणी औंढ्याकडं माहेरच्या विहिरीत पाय घसरून पडली होती, कुणीतरी केसाला धरून वर काढलं. तेव्हापासून घोट्याच्या वर पाणी आलं की तिची छाती दाटायची. मंडळीत कुणी तोंडावर बोलायचं नाही, पण मागं कुजबुज असायचीच, की पंचाचीच बायको कोरडी.

आणि हौद मुळात तिच्यासाठी होता. हे तातेरावानं कुणाला सांगितलं नव्हतं, तिलाही नाही. कंबरेच्या वर पाणी जाऊ नये म्हणून त्यानं खोली तिच्या मापानं घेतली, दांडा तिच्या हाताच्या उंचीवर लावला. खोदकाम सुरू झालं तेव्हा तो हौद मंजुळाचा होता. पण जळबा ते बोलला आणि फरशी बसेपर्यंत हौद जळबाच्या विरोधातला झाला. मत्सराचं असंच असतं मेल्याचं, कधी घरात शिरला आणि कधी मालक होऊन बसला, कळत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मंजुळाबाई अंगणात तूर निवडत होती. तातेराव धुसफुसत घरी आला, तिनं चहा दिला आणि सुपातून मान वर न करता म्हणाली, "अवो, येत्या ऐतवारी हौदात पाणी भरनार का?"

"काहून?"

"मी उतरते म्हणलं."

तातेरावानं कपबशी खाली ठेवली. तिनं पुढं हळूच सांगितलं, की दुपारी कुणी नसताना ती रोज आवारात जाऊन त्या कोरड्या पायऱ्यांवर बसत होती. आधी वरच्या, मग खालच्या. "काल पार तळाला जाऊन बसले. काही वाटलं न्हाई."

त्याला आनंद झाला. खरंच झाला, त्यात खोट नव्हती. इतक्या वर्षांत ज्या गोष्टीसाठी त्यानं देवाकडं तोंड वेंगाडलं, ती अशी तुरीच्या सुपातून त्याच्या पुढ्यात आली होती. तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला. काहीतरी चांगलं बोलावं असं त्याला वाटलं. हौद कुणासाठी बांधला ते आता सांगून टाकावं, असंही वाटलं. आणि चहा निवायच्या आत त्याच्या डोक्यात दुसरा विचार आला.

पहिलं पान!

मग काय विचारता. गडी उठला तो थेट प्रेमानंदकडं. दुसऱ्या दिवशी चर्चच्या गेटवर फ्लेक्स लागला, 'आपल्या हौदातील पहिला बाप्तिस्मा', खाली मंजुळाबाईचा फोटो आणि तिच्यापेक्षा थोडा मोठा तातेरावाचा. फोटोवाला ठरला. उन्हाची तिरीप फरशीवर बरोबर पडावी म्हणून पाळकसाहेबांना वेळ बदलायला लावली. व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ आमंत्रण, आणि जळबाला वेगळा फोन, "ये बरं का. पुढंच बस. नीट दिसलं पाह्यजे तुला."

"लई आनंद झाला गड्या," जळबा पलीकडून म्हणाला. "वहिनीला माझा सलाम सांग." आणि त्याच्या आवाजात खरोखरचा आनंद होता, त्यानं तातेरावाचा आणखीच जळफळाट झाला.

घरी मंजुळाबाईची तालीम सुरू झाली. पाण्यातून वर आल्यावर डोळे चोळायचे नाहीत. पदर असा. मान डावीकडं, कारण फोटोवाला डावीकडं. ती ऐकून घ्यायची, हूं म्हणायची, कामाला लागायची.

शुक्रवारी त्यानं तिची साक्ष लिहून आणली. आमच्यात बाप्तिस्मा घेणाऱ्यानं आपल्या तोंडानं सांगायचं असतं, की आपण इथवर कसे आलो. मोडकंतोडकं का असेना, आपलं आपण. तातेरावानं ती वाचून दाखवली: "आमच्या मंडळीचा सुंदर हौद पाहून माझ्या मनाला ओढ लागली. नदीचा गाळ, गर्दी व गोंधळ यांपेक्षा पवित्र शांततेत प्रभूला भेटावे असे मला वाटले."

मंजुळाबाईनं भाजी चिरता चिरता विळी थांबवली. "हे मी कवा म्हणलं?"

"अगं, छापायला असंच लागतं."

"आन् विहिरीचं? मी पडले ते? वर आल्यावर आईनं मारलं ते?"

"विहिरीचं कशाला आता? हसतील कुरुंद्याचे. पंचाची बायको पान्याला भेत होती म्हणून इतकी वर्सं थांबली, असं छापायचं का?"

"खरं हाय ते."

"खरं हाय, पर पैल्या पानाचं न्हाई."

तिनं विळी बाजूला सारली. मग म्हणाली, "तुमी मला छापायसाठी बुडवून राहिले का हो?"

"काहीतरीच!" तातेराव हसला आणि फोटोवाल्याला फोन लावायला बाहेर गेला. हसला, बघा. तिथंच थांबून उत्तर दिलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

शनिवारी सकाळी ती कुरुंद्याला जाऊन येते म्हणाली. जळबाची बायको जनकाबाई तिची मैत्रीण, तेव्हा त्यात नवल नव्हतं. तातेराव हौद घासत होता, त्यानं नुसती मान हलवली. दिवसभर मोटार चालली. निळ्या फरशीवर पाणी चढत गेलं, आणि चढणाऱ्या पाण्याकडं बघत तो मनातल्या मनात एप्रिलचं पहिलं पान जुळवत बसला. जळबाचा फोटो आतल्या पानावर, शेळीच्या शेजारी.

उन्हं उतरताना मंजुळाबाई एसटीनं परतली. केस ओले, अंगावर जनकाबाईचं लुगडं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत पिळलेली स्वतःची साडी.

"झालं माझं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"बाप्तिस्मा. सिद्धेश्वरला."

तातेरावाला आधी अर्थच लागला नाही. मग तळपायाची आग मस्तकात गेली. "कुनी दिला? पाळकसाहेबाला सगळं ठावं असून?"

"मी गेले त्यांच्याकडं. म्हणलं, मला आजच घ्यायचाय आन् फोटोबिगर घ्यायचाय. ते म्हणले, मन तुमचं हाय, पानी तुमी सांगाल ते. मंग आले संगं."

"आन् तू उतरलीस? धरनात? तू?"

"उतरले. छातीएवढं होतं. पाय थरथर कापत होते." तिनं पिशवी दारात ठेवली. "पर विहिरीचं समदं सांगितलं मी. कुनी हसलं न्हाई."

खरं तर इथं त्यानं तिला जवळ घ्यायला हवं होतं. पाण्याला भिणारी ही बाई धरणात छातीभर उतरून आली होती. पण मत्सर माणसाला भलतंच विचारायला लावतो. त्यानं विचारलं, "हात कुनी धरला?"

"एकीकडून पाळकसाहेबांनी. दुसरीकडून जळबाभावजींनी."

"जळबानं!" तातेराव ओरडला. "माझा हात नव्हता का तुला?"

"होता की," मंजुळाबाई म्हणाली, "पर त्या हातात आठ दिस झाले नुसता फोन हाय." आणि ती चूल पेटवायला आत गेली.

रविवारी उजाडता उजाडता तातेरावानं स्वतःच्या हातानं फ्लेक्स उतरवला आणि गुंडाळून मोटारीच्या खोलीत कोंबला. तेवढ्यात प्रेमानंद आला. तातेराव त्याच्यावरच धावून गेला. "आता तुझी चैन झाली! जळबानं फोटो धाडले आसतील. लाव पैल्या पानावर. पंचाची बायको नदीच्या पार्टीत!"

"काही धाडलं न्हाई त्यांनी, मामा. मीच फोन केला तर म्हणले, ती वहिनीची गोष्ट हाय, आपली न्हाई. मामींचा रात्री फोन आला, काहीच छापायचं न्हाई म्हणाल्या. हौदाचं न्हाई, नदीचं न्हाई." प्रेमानंद थोडा घुटमळला. "पैलं पान मी तुमच्यासाठी मोकळं ठिवलं होतं."

भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही कुणी! जळबानं मिरवलं असतं तर तातेरावाला त्याला शिव्या देता आल्या असत्या. पण जळबा निवांत दुसऱ्या रांगेत येऊन बसला, तातेरावाला बघून "सलाम" म्हणाला आणि पुस्तकातलं गाणं शोधायला लागला. आवारात हौद काठोकाठ भरून उभा होता. लोक येता-जाता त्यात डोकावून बघत होते आणि तातेरावाशी हवापाण्याचं बोलत होते.

तो रविवार प्रभुभोजनाचा होता. त्या दिवशी कुरुंद्याची माणसंही वसमतला येतात, सगळी मंडळी एकत्र बसते. भाकरीच्या तुकड्यांचं ताट घेऊन पंच रांगेरांगेतून फिरतात. ज्याचा बाप्तिस्मा झाला त्यानं तुकडा उचलायचा आणि हातात धरून थांबायचं. सगळ्यांना मिळालं की मग सगळ्यांनी मिळून खायचं. बायकांच्या बाजूचं ताट नेहमी तातेरावाकडं असे. आजवर त्या बाजूला एका जागी तो न थांबता पुढं जायचा. तिथं मंजुळाबाई बसलेली असायची, हात पदरात, नजर खाली.

आज तिचे हात पदरात नव्हते. तातेरावाला ते लांबूनच दिसलं. उजवा हात पुढं धरून ती बसली होती. शेजारी जनकाबाई, तिच्या तळहातावर तुकडा पडला. आता पाळी मंजुळाबाईची. तातेराव तिच्यापुढं आला आणि त्याच्या डोळ्यांसमोर ती नाही, सिद्धेश्वरचं पाणी आलं. त्यात ती, आणि तिच्या दंडाला धरून जळबा. ताट पुढं केलं की नदी खरी ठरली. आपल्या हातानं, सगळ्या मंडळीदेखत.

तातेराव पुढं गेला.

जुनी सवय, असं पाहणाऱ्यांना वाटलं असेल. माणसाची पावलं ठरल्या वाटेनं जातात, त्यात काय! पण सवय नव्हती ती. त्याला पुरतं ठाऊक होतं. तो रांग संपवून गेला, मागल्या रांगा केल्या, ताट आणून मेजावर ठेवलं आणि आपल्या जागी बसला. कान तापले होते. मागं वळून बघायची छाती झाली नाही.

पाळकसाहेब उभे राहिले. भाकर खाण्याआधी ते एक प्रश्न विचारतात, नेहमीचाच, ज्याला कधी कुणी उत्तर देत नाही. "सगळ्यांना मिळालं का? कुनी राहिलं का?"

सगळे तुकडा हातात घेऊन थांबलेले. वर पंखे फिरत होते.

"मी राहिले," मंजुळाबाई म्हणाली.

आवाज चढा नव्हता, पण पार दारापर्यंत गेला. माना वळल्या. पाळकसाहेबांनी तातेरावाकडं बघितलं. प्रेमानंदानं बघितलं. एक जळबा तेवढा खाली मान घालून आपल्या हातातल्या तुकड्याकडं बघत राहिला, आणि त्याचं ते न बघणं तातेरावाला सगळ्यांत जास्त लागलं.

तो उठला. ताट उचललं. मेजापासून तिच्या रांगेपर्यंतची वाट कधी नव्हे एवढी लांब झाली होती, आणि दोन्ही बाजूंनी माणसं पाय आत घेऊन त्याला वाट देत होती. तिच्यापुढं येऊन त्यानं ताट धरलं. तिचा हात तसाच पुढं होता. इतका वेळ तसाच धरून ठेवला होता की काय, देव जाणे.

"घे," तो कसाबसा म्हणाला. "हौद तुझ्यासाठीच बांधला होता गं. देवाशप्पथ."

मंजुळाबाईनं ताटातला एक तुकडा उचलला. "व्हय ना," ती हळू म्हणाली. "त्या पायऱ्यांवर बसून मला तसंच वाटलं होतं. आठ दिस झाले, तुमी सांगायची वाट बघून राहिले होते."

मग पाळकसाहेब म्हणाले, खा. आणि सगळ्यांनी खाल्लं. तातेराव ताट घेऊन मधल्या वाटेत तसाच उभा होता. बाकी सगळ्यांना वाटता वाटता स्वतःचा तुकडा घ्यायचा तो विसरून गेला होता, आणि आता कुणी राहिलं का, हे विचारून झालं होतं.